हसविणारा चार्ली

चार्ली चॅप्लिन याचा जन्म १८८९ साली इंग्लंडमध्ये झाला. आईवडील दोघेही नाटकगृहांत गाणी गाऊन चरितार्थ चालवीत. परंतु वडील लवकरच वेगळे राहू लागले आणि चार्ली व त्याचा थोरला भाऊ सिडनी यांचा भार एकट्या आईवर पडला.

१८९४ सालची गोष्ट. ऑल्डरशॉट या गावी गाताना आईचा आवाज एकाएकी चिरकला. प्रेक्षक हुर्यो करू लागले. तेव्हा व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीलाच रंगमंचावर उभे केले. तो न भिता गाऊ लागला. लोकांनी नाणी उधळली. गाणे थांबवून त्याने ती आधी वेचली, तेव्हा सभागृहात हशा पिकला! मुलाला टाळ्या मिळाल्या; आईचा आवाज मात्र पूर्ववत झाला नाही.

पुढे घरात अन्नान्नदशा झाली. १८९६ साली तिघांनाही निराधारांच्या आश्रयगृहात जावे लागले. तेथे मायलेकरांची ताटातूट झाली. कालांतराने आईच्या मनाचाही तोल ढळला. मात्र पूर्वी ती खिडकीशी बसून रस्त्यावरील माणसांच्या हुबेहूब नकला करीत असे. चालीवरून, हातवाऱ्यांवरून माणूस कसा ओळखावा, हा अभिनयाचा पहिला धडा चार्लीला तिच्याकडूनच मिळाला.

थोड्याच वर्षांत तो मुलांच्या एका नृत्यपथकात दाखल झाला. तेथे कित्येक आठवडे नाच घोटल्यावरच त्याला प्रेक्षकांसमोर जाता आले. १९०३ साली शेरलॉक होम्सवरील नाटकात त्याला बिली नावाच्या पोऱ्याची भूमिका मिळाली. शाळेत फारसे जाता न आल्यामुळे त्याला वाचन कठीण जाई. म्हणून सिडनी संवाद वाचून दाखवी आणि चार्ली ते मुखोद्गत करी. १९०८ साली तो फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत आला. तेथे शब्दावाचून हसविण्याची कला त्याने कसोशीने आत्मसात केली.

याच मंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला आणि १९१४ पासून मूकपटांत चमकू लागला. तंग कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, आखूड मिशी आणि हातात काठी, अशा त्याच्या भटक्याने सारे जग हसविले. १९२१ सालच्या ‘द किड’ या चित्रपटात हा भटका एका बेवारस मुलाला वाढवितो. अधिकारी त्या मुलाला अनाथालयात नेऊ लागतात, तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. ते दुःख चार्लीने स्वतः भोगले होते. त्याच वर्षी आजारी आईला अमेरिकेस आणून भावांनी तिच्या शुश्रूषेची व्यवस्था केली.

१९७७ साली चार्ली निवर्तला. खिडकीशी बसलेल्या आईकडून मिळालेले धन त्याने आयुष्यभर जगाला मुक्तहस्ताने वाटले.