रमाबाई रानडे यांचे इंग्रजी : एका शिक्षणाचे चरित्र

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाचा विचार आपल्याकडे दोन अंगांनी झाला आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या खाजगी जीवनाचे साधन म्हणून इतिहासकारांनी तो वाचला आणि स्त्रीलिखित आत्मपर गद्याचा आरंभीचा नमुना म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांनी. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटून गेल्यासारखी वाटते. हा ग्रंथ एका मराठी भाषक मुलीने इंग्रजी कसे आत्मसात केले याचाही वृत्तान्त आहे, आणि तो मोठ्या संकोचाने, पतीच्या चरित्राच्या आडोशाने सांगितलेला आहे. प्रस्तुत लेखात रमाबाईंचे चरित्र या एका धाग्याने पाहावयाचे आहे. त्यांचे इंग्रजी ही पतीने दिलेली देणगी होती की त्यांनी स्वतः किंमत मोजून केलेली कमाई होती, हा त्यामागचा प्रश्न आहे. पहिले उत्तर रमाबाईंनीच देऊन ठेवले आहे. ते जसेच्या तसे स्वीकारावे असे मात्र वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. बाईने अक्षर गिरविले तर तिला वैधव्य येते असा समज असलेला तो काळ. अकराव्या वर्षी, डिसेंबर १८७३ मध्ये, त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. वर एकतीस वर्षांचे, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आणि नुकतेच विधुर झालेले. वडिलांच्या आग्रहापुढे रानडे यांनी मान तुकविली आणि कुमारिकेशी लग्न केले. या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिची पुनरुक्ती येथे नको. आपल्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की या विवाहानंतर लगेच घरात पाटी आली. श्रीरामजयराम ही सात अक्षरे हा रमाबाईंचा पहिला धडा होय. पुढे मराठी शिकविण्यासाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील सगुणाबाई देव यांची योजना झाली आणि मराठी पुरते वाचता येऊ लागल्यावर पतीने स्वतः इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला.

सासरी पाठविताना वडिलांनी मुलीला एक ताकीद दिली होती : सासरच्या माणसांना उलट उत्तर द्यावयाचे नाही आणि घरातील कुरबुरी नवऱ्याच्या कानांवर घालावयाच्या नाहीत. ही ताकीद ध्यानात घेतल्याशिवाय रमाबाईंच्या शिक्षणातील ताण समजत नाही. पुण्याच्या घरात सावत्र सासू, विधवा नणंद आणि नात्यातील इतर वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या. मराठी वाचन त्यांनी कसेबसे खपवून घेतले. इंग्रजी मात्र त्यांना असह्य झाले. घरातील कर्त्या पुरुषाला विरोध करण्याची सोय नव्हती, म्हणून सारा विरोध शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला आला. अंगणात भांडी घासताना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक कपटा तिच्या हाती लागला आणि कुतूहलाने ती तो वाचू लागली, एवढ्यावरून घरात वादळ उठले. टोमणे, हेटाळणी, अबोला हे सारे तिने सोसले आणि वडिलांच्या ताकिदीप्रमाणे त्यातले काही पतीला सांगितले नाही. या स्त्रियांना केवळ दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि आपल्या चरित्रकारांनी बहुधा तेच केले आहे. पण ज्या घरात त्यांची सत्ता स्वयंपाकघर, सोवळे आणि सूनबाई एवढ्यापुरतीच होती तेथे सूनबाईच्या तोंडी साहेबाची भाषा येणे म्हणजे त्या सत्तेचा शेवट होता. हे त्यांना उमगले होते.

तो कपटा भाषाशिक्षणाच्या दृष्टीनेही बोलका आहे. शाळेत जाणारा त्या काळचा मुलगा हॉवर्डसाहेबांच्या क्रमिक पुस्तकांवरून चढत्या क्रमाने इंग्रजी शिके. शब्दार्थांसाठी मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश होता. त्याची सुधारलेली आवृत्ती १८७३ मध्ये, म्हणजे रमाबाईंच्या विवाहाच्याच वर्षी, निघाली. रमाबाईंच्या शिक्षणाला असा शिस्तशीर जिना मिळाला नाही. रानडे यांची दृष्टी अधू होती. वर्तमानपत्रे, अहवाल, पत्रे वाचून दाखविण्यास त्यांना कोणीतरी लागे. हळूहळू ते काम पत्नीकडे आले आणि तेच तिचे पाठ्यपुस्तक झाले. यावरून असे अनुमान करावे लागते की तिचा शब्दसंग्रह परिकथांतून किंवा बोधकथांतून आलेला नसून तो ठराव, अर्ज, समिती, जमाखर्च, परिषद या सार्वजनिक जीवनाच्या प्रदेशातून आला. असल्या इंग्रजी शब्दांपैकी काही त्या वेळी मराठीच्या अंगवळणी पडलेही होते. कोर्ट, कमिटी, अपील, रिपोर्ट हे शब्द मराठी माणूस इंग्रजी न येताही वापरीत होता. अशा शब्दांच्या आधाराने शिकणारा वाक्यात शिरतो. अडतो तो पुढे, जेथे दोन जवळच्या अमूर्त शब्दांतला फरक करावा लागतो आणि कोशातील एकच मराठी प्रतिशब्द दोहोंपुढे उभा असतो. आणखी एक अडचण नामापूर्वी लागणाऱ्या लहानग्या उपपदांची. मराठीत ती नाहीत. म्हणून कोणते नाम निश्चित आणि कोणते अनिश्चित हे मराठी कानाला आपोआप कळत नाही.

या ठिकाणी एक दूरचा समकालीन आठवतो. जोझेफ कॉनरॅड हा इंग्रजी कादंबरीकार जन्माने पोलिश, जन्म १८५७चा. तो १८७८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, इंग्रज जहाजावर आला तेव्हा त्याचे इंग्रजी जुजबी होते. पोलिश भाषेतही मराठीप्रमाणेच उपपदे नाहीत, म्हणजे त्याच्या वाटेतही हाच खडा होता. किनाऱ्यावरच्या मालवाहू जहाजांतील खलाशांच्या बोलण्यातून आणि वर्तमानपत्रांतून त्याने भाषा गोळा केली आणि १८९५ मध्ये आपली पहिली कादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध केली. दोघांच्या प्रतिभेची तुलना येथे अभिप्रेत नाही. क्रमिक पुस्तकाच्या मधल्या पायऱ्या गाळून, कामाच्या गरजेतून शब्द वेचणे ही शिकण्याची रीत मात्र एकच आहे. कॉनरॅडला जहाजावर बोलणारी माणसे होती. रमाबाईंना इंग्रजी बोलण्यासाठी घरात एकच माणूस होता आणि तोही दिवसभर कचेरीत.

रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली आणि रमाबाई पुण्याच्या गोतावळ्यापासून दूर गेल्या. नाशिकच्या हायस्कूलच्या समारंभात त्या प्रथम लोकांसमोर आल्या. भाषण पतीने लिहून दिलेले होते. पुढील वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम सुरू झाली. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लावल्या गेल्या, सरकारचा संशय पुण्याच्या पुढाऱ्यांवर गेला आणि रानडे यांची धुळ्यास बदली झाली.

धुळ्याचे हे पर्व चरित्रांतून दोन-चार ओळींत आटोपते. आम्हां खानदेशातील शिक्षकांना ते तसे सोडता येत नाही. खानदेश जिल्हा तेव्हा अखंड होता (त्याचे पूर्व-पश्चिम असे विभाजन १९०६ मध्ये झाले), आणि आमचे रावेरही त्याच जिल्ह्यात, ज्याचे मुख्य ठाणे धुळे. रेल्वे धुळ्यापर्यंत पोचलेली नव्हती. मुंबई-पुण्याशी संबंध उरे तो टपालाचा, आणि नेमके तेच टपाल फोडून पाहिले जात होते. बंडखोरांच्या नावाने संशयास्पद पत्रे येत आणि ती रानडे तशीच अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. सतरा वर्षांच्या रमाबाईंचे वाचन या वातावरणात चालले होते. इंग्रजी म्हणजे सुशिक्षित पत्नीचा अलंकार, अशी कल्पना पुण्यात असेल. फोडलेल्या पाकिटांच्या घरात ती टिकणे शक्य नव्हते. कागदावरचा एक इंग्रजी शब्द माणसाची नोकरी, किंबहुना स्वातंत्र्य, हिरावून घेऊ शकतो, हे ज्ञान कोणत्याही वाचनमालेत मिळत नाही.

येथे वर्गातील अनुभवावरून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्या भागातील विद्यार्थ्याच्या घरची भाषा लेवा बोली, तावडी किंवा अहिराणी असते. शाळेत तो प्रमाण मराठीची पायरी चढतो आणि मग इंग्रजीकडे वळतो. देवराष्ट्र्यासारख्या खेड्यातून आलेल्या यमुनेनेही आधी पुण्याच्या शिष्ट घरातील मराठी उचलली, मग ग्रंथांची मराठी आणि नंतर इंग्रजी. तिचे इंग्रजी मोजावयाचे तर या तीन चढणी धरून मोजले पाहिजे.

रानडे १८८१ मध्ये धुळ्याहून मुंबईस आणि तेथून पुन्हा पुण्यास आले. जुने घर, जुनी माणसे आणि जुना विरोध पुन्हा समोर उभा राहिला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. पंडिता रमाबाईही या बाईंकडे शिकत. एकीजवळ संस्कृतचे प्रचंड भांडार आणि आयुष्याची मुखत्यारी. दुसरीजवळ चार बुके आणि भरलेले घर. पंडिता रमाबाई पुढील वर्षी इंग्लंडला गेल्या. रमाबाई रानडे यांना मात्र परधर्मी बाईजवळ बसल्यामुळे प्रत्येक पाठानंतर स्नान करण्याचा आग्रह सोसावा लागला. त्यांनी तो मानला आणि पाठही चालू ठेवला. हे वर्तन आजच्या वाचकाला दुबळे वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखिकेला तसे वाटत नाही. रोजच्या स्नानाने शिकवणी टिकत असेल तर स्नान करावे, हा हिशेब पुस्तकी बंडापेक्षा कठीण आहे; कारण तो रोज नव्याने चुकवावा लागतो.

मुलींचे हायस्कूल पुण्यात सुरू व्हावे म्हणून खटपट चालू होती. त्या निमित्ताने गव्हर्नरांच्या उपस्थितीत भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजी भाषण वाचले. हेही पतीनेच लिहिलेले. सभेत कौतुक झाले. घरी परतल्यावर जे ऐकावे लागले ते त्यांनी पुढे संयमाने लिहून ठेवले आहे. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा उघडली. भाषण दुसऱ्याने लिहिलेले असल्यामुळे त्यात रमाबाईंचे श्रेय किती, असा प्रश्न विचारला जातो. पण परकी भाषा लोकांपुढे वाचताना उच्चार, आघात, विराम यांची जबाबदारी वाचणाऱ्याचीच असते, आणि त्या दिवसाचे परिणाम भोगण्याचीही.

कलकत्त्याचा प्रसंग या साऱ्यावर वेगळाच प्रकाश टाकतो. वित्तसमितीच्या कामासाठी १८८६ मध्ये दोघे तेथे राहिले असता दाराशी आलेले बंगाली वर्तमानपत्र रमाबाईंनी भाषा येत नाही म्हणून घेतले नाही. रानडे यांना ते लागले. त्यांनी बंगाली पुस्तके आणविली आणि हजामत करणाऱ्या न्हाव्याला अडलेल्या शब्दांचे उच्चार आणि अर्थ विचारीत स्वतः ती भाषा शिकून मग पत्नीला शिकविली. सरकारी समितीचा सभासद हनुवटीला साबण लावलेल्या अवस्थेत न्हाव्याचा विद्यार्थी होतो, हे दृश्य रमाबाईंनी मोठ्या खुसखुशीतपणे रंगविले आहे. गुरूची जागा इतकी लवचीक असू शकते हे पाहिल्यावर इंग्रजी शिकविण्यामागील रानडे यांची वृत्तीही अधिक नीट कळते. इंग्रजीची महती सांगणारा हाच माणूस विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत झटत होता.

रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. येथून पुढे भाषण लिहून देणारे कोणी नव्हते, आणि कमाई की देणगी या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. त्या १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत १९०८ मध्ये काढलेल्या सेवासदनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुणे सेवासदन स्वतःच्या वाड्यात सुरू केले. प्रौढ स्त्रिया, त्यांत विधवा पुष्कळ, तेथे वाचन, शिवण, अध्यापन आणि परिचर्या शिकू लागल्या. घरकाम उरकून, लपतछपत शिकावयाचे म्हणजे काय, हे संस्थेच्या अध्यक्षांना वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी त्यांनी अखेरच्या वर्षांत चळवळ केली. १९२४ मध्ये त्या निवर्तल्या.

इतके इंग्रजी आल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या त्या मराठीत, तीही घरातली, संथ, बायकी वळणाची मराठी. सबजज्ज, मॅजिस्ट्रेट असे व्यवहाराचे शब्द येतात. पण विचार करण्यासाठी इंग्रजी वाक्यरचनेचा टेकू त्या घेत नाहीत. त्यांच्या काळच्या पुष्कळ विद्वान गद्यलेखकांना हे साधलेले नाही. पतीचे नाव न घेण्याचा रिवाज त्यांनी लेखनातही पाळला आणि ‘स्वतः’ या शब्दाने त्यांचा निर्देश केला. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ मध्ये या आठवणींचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा त्या एका मराठी शब्दाला प्रतिशब्द शोधावा लागला, आणि तोच ग्रंथाचे नाव झाला : ‘हिमसेल्फ’.