पोषणाचा हिशेब मांडणाऱ्या कमला सोहोनी

तान्ह्या बाळाच्या दूध-भुकटीच्या डब्यावर लोह, कॅल्शियम, सोडियम यांचे आकडे छापलेले असतात. गाईच्या दुधात क्षारांचे प्रमाण आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. लोह मात्र दोन्हींत अत्यल्प. म्हणून अशी भुकटी तयार करताना क्षार कमी करावे लागतात आणि लोह वेगळे घालावे लागते. पोट भरणे आणि पोषण होणे यांतील हे अंतर प्रयोगशाळेत मोजण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे स्थान मानाचे आहे.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि अखेर एका वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे स्त्रियांसाठी संस्थेची दारे खुली केली.

१९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. परदेशातील संधी सोडून त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथील कार्यानंतर, १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जैवरसायनशास्त्राचे अध्यापन करू लागल्या. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले.

अर्भकाला पहिले सहा महिने मुख्यतः गर्भावस्थेत आईकडून मिळालेले लोह पुरते. आईच अशक्त असेल, तर बाळाची ही शिदोरी तोकडी पडते. महागडे डबे तर गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी निरेचा अभ्यास हाती घेतला. या स्वस्त पेयात लोह आणि अ व क जीवनसत्त्वे असल्याचे त्यांनी दाखवले. आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात निरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना विलंबानेच मिळाले. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत राहून त्यांनी अन्नभेसळीविषयी लोकजागृती केली. १९९८ मध्ये दिल्लीतील सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. बाळाच्या पोषणाचा आरंभ आईच्या ताटापासून होतो, हेच त्यांच्या संशोधनाचे सार होय.