चियांगमाईच्या सोफियाबाई

थोर पुरुषांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. त्या पुरुषांनी दूरदेशी जाऊन काय केले, हे त्यांत सविस्तर लिहिलेले असते. मात्र त्या परमुलखात त्यांची चूल कोणी पेटवली, मुले कोणी वाढवली, दुखण्याखुपण्यात उशाशी कोण बसले, याची नोंद बहुधा एखाद्या ओळीत आटोपते. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत अशाच एका गृहिणीचे चरित्र भगिनींपुढे ठेवावे असे मनात आले. तिचे नाव सोफिया रॉइस ब्रॅडली, लग्नानंतरची सोफिया मॅकगिल्व्हरी. आज ज्याला आपण थायलंड म्हणतो त्या सयाम देशाच्या उत्तरेस चियांगमाई नावाचे शहर आहे. तेथील मुलींच्या शिक्षणाचा इतिहास या बाईंपासून सुरू होतो.

सोफियाबाईंचा जन्म १८३९ साली बँकॉकमध्ये झाला. वडील डॉ. डॅन बीच ब्रॅडली हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर १८३५ साली बँकॉकला आले होते. त्यांनी त्या देशात शस्त्रक्रिया केल्या, देवीची लस टोचण्याची प्रथा रुजवली आणि सयामी लिपीतला छापखाना चालवला. अफूबंदीचा राजाचा हुकूम १८३९ साली त्यांच्याच छापखान्यात छापला गेला. ब्रॅडलींना ज्या अमेरिकन संस्थेने पाठवले होते, त्याच संस्थेची शाखा आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन या नावाने काम करीत होती. अहमदनगरला मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहून महात्मा फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनावर घेतले, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या मिस फॅरारही याच संस्थेच्या.

सोफियाबाईंचे बालपण मात्र सुखाचे गेले नाही. त्या सहा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तोच १८४५ साली आई एमिली क्षयाने वारली. दोन वर्षांनी वडील मुलांना घेऊन अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी सारा ब्लॅकली या ओबर्लिन कॉलेजातून पदवी घेतलेल्या विदुषीशी लग्न केले आणि १८५० साली सारे कुटुंब पुन्हा बँकॉकला आले. सावत्र आई म्हटली की आपल्या मनात शंका येते; पण साराबाईंनी ते घर नेटाने सांभाळले. पतीच्या मृत्यूनंतरही त्या मायदेशी परतल्या नाहीत. बँकॉकमध्येच राहून १८९३ साली त्यांनी देह ठेवला. सयामचे राजे मोंगकुट यांनी १८५१ साली राजवाड्यातील स्त्रियांना शिकवण्यासाठी मिशनरी स्त्रियांना बोलावले, त्यांत साराबाई होत्या. पुढे १८६२ साली त्याच राजवाड्यात शिक्षिका म्हणून आलेल्या ॲना लिओनोवेन्स यांचा जन्म आपल्या अहमदनगरचा, हेही येथे सांगावेसे वाटते.

अशा घरात सोफियाबाई वाढल्या. सयामी भाषा त्या लहानपणापासून बोलत होत्या. अमेरिका हा आईवडिलांचा देश. त्यांचा स्वतःचा देश म्हणावा तर तो सयामच.

डिसेंबर १८६० मध्ये त्यांचा विवाह डॅनियल मॅकगिल्व्हरी यांच्याशी झाला. हे गृहस्थ अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतातले. दोन वर्षांपूर्वीच ते बँकॉकला आले होते. लग्नानंतर लवकरच उभयता पेचबुरी या गावी राहावयास गेले. तेथे लाओ लोकांची वस्ती होती. उत्तरेकडच्या त्यांच्या भाईबंदांमध्ये जाऊन काम करावे, हा ध्यास मॅकगिल्व्हरींना तेथेच लागला. पुढे चियांगमाईचे राजे काविलोरोट बँकॉकला आले असता त्यांची संमती मिळाली आणि जाण्याचे ठरले.

३ जानेवारी १८६७ रोजी हे कुटुंब होड्यांतून बँकॉकहून निघाले. बरोबर दोन लहान मुले. त्यांतला एव्हँडर जेमतेम अडीच वर्षांचा. त्या काळी चियांगमाईला आगगाडी नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. नदीच्या प्रवाहाविरुद्ध, नावाड्यांनी बांबू रेटीत होडी वर न्यावयाची. पुढे पिंग नदीचे खडकाळ धावते पाणी लागे. तेथे एकेका होडीला दोर बांधून ओढावे लागे. यांतले पुष्कळसे धावते पाणी १९६४ साली पुऱ्या झालेल्या भूमिबोल धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे. पण सोफियाबाईंना ते एकेक करून ओलांडावे लागले. होडीच्या छपराखाली सारा संसार. तेथेच स्वयंपाक, तेथेच मुलांची न्हाणी-धुणी, तेथेच निजणे. असे जवळजवळ तीन महिने गेल्यावर एप्रिलच्या आरंभी चियांगमाई आले. माहेर तीन महिन्यांच्या वाटेवर राहिले.

उतरल्यावर राहावयास घर नव्हते. शहराच्या पूर्वेस वाटसरूंसाठी बांधलेली एक धर्मशाळा होती. तिला तिकडे साला म्हणतात. वर कौले, तीन बाजूंना भिंती आणि पुढे ओसरी. त्या एका खोलीत या कुटुंबाने वर्षाहून अधिक काळ काढला. चौथी बाजू उघडी, आणि त्या उघड्या बाजूने सारे शहर आत पाहत असे. गोऱ्या स्त्रीला आणि गोऱ्या मुलांना लोकांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. बाई कशी जेवते, काट्याचमच्याने घास कसा उचलते, मुलांना कशी निजवते, हे पाहण्यास सकाळपासून झुंबड उडे. चार माणसे टक लावून पाहत असली तरी आपल्या हातून घास उतरत नाही. सोफियाबाईंना वर्षभर हे सोसावे लागले. त्यांनी दार लावून घेतले नाही. लावण्यास दारही नव्हते. बघ्यांतूनच ओळखी झाल्या आणि ओळखीतून घरोबा. दोन वर्षे बंगल्यात राहून जे साधले नसते, ते त्या उघड्या ओसरीने साधले.

बँकॉकची भाषा येत असली तरी चियांगमाईची बोली निराळी, आणि लिपी तर अगदीच निराळी; ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. तिकडे चिकट भात हे रोजचे अन्न. बँकॉकहून मागवलेली जिन्नस हाती येण्यास महिनेच्या महिने लागत. मुलाला ताप आला तर डॉक्टर नाही. पहिला मिशनरी डॉक्टर १८७२ साली आला. तोवर नवराबायको स्वतःच क्विनीन आणि साधी औषधे वाटीत. हिवतापाने ग्रासलेल्या त्या मुलखात क्विनीनच्या पुडीने जे विश्वासाचे नाते जोडले, ते नुसत्या उपदेशाने जोडले नसते.

औषधापायीच न्हान इन्ता नावाचे एक विद्वान गृहस्थ त्यांच्या घरी येऊ लागले. बौद्ध मठात शिकलेले, चिकित्सक वृत्तीचे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी सूर्यग्रहण होणार असे मॅकगिल्व्हरींनी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. ग्रहण सांगितल्या दिवशी लागले आणि राहूने सूर्य गिळण्याच्या जुन्या समजुतीवरचा त्यांचा विश्वास उडाला. हेच ते प्रसिद्ध ग्रहण. त्याचा वेध घेण्यास आपल्याकडे गुंटूरला व पटवर्धनांच्या जमखिंडीला शास्त्रज्ञ जमले होते. सयामचे राजे मोंगकुट स्वतः गणित करून ते पाहण्यास दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेले, तेथे हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला ते निवर्तले. जानेवारी १८६९ मध्ये न्हान इन्तांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यामागून आणखी काहीजण आले.

यानंतर जे घडले ते फार दारुण आहे. रयतेने आपल्या हुकुमाखेरीज दुसऱ्या कुणाचे मानावे, हे काविलोरोट राजांना खपेना. सप्टेंबर १८६९ मध्ये नोई सुन्या आणि न्हान चाई या दोघा नवख्रिस्ती गृहस्थांना पकडून १४ तारखेस ठार मारण्यात आले. तटाच्या कामासाठी लाकूड वेळेवर दिले नाही, हे निमित्त. मॅकगिल्व्हरींच्या घरी प्रथम काहीच कळले नाही. एवढेच दिसले की कामाची माणसे एकाएकी नाहीशी झाली आणि येणारे-जाणारे येईनासे झाले. काल ज्या ओसरीवर गर्दी होती, तेथे आज पाऊल वाजेना. खरी हकीगत कळली तेव्हा घरात लहान मुले, शेजारी फेब्रुवारी १८६८ मध्ये आलेले विल्सन कुटुंब, आणि बँकॉकची वाट महिन्यांची. एका ब्रह्मी माणसाच्या हाती चोरून पत्र धाडले. ते पोचले की नाही हे कळण्यास मार्ग नव्हता. इकडे सोफियाबाईंच्या वडिलांच्या कानी लेक-जावई मारले गेल्याची भीती आली असेल, तर त्यात नवल नाही.

डिसेंबरअखेर बँकॉकहून सरकारी अधिकारी आला. राजांनी दरबारात आपले कृत्य कबूल केले आणि पुन्हा कुणी धर्म सोडला तर त्याचीही तीच गत होईल असे बजावले. त्या वेळी निघून जाणे सोपे होते, आणि लेकुरवाळ्या बाईने तसा आग्रह धरला असता तर तिला कोणी नावे ठेवली नसती. पण मॅकगिल्व्हरी कुटुंब राहिले. जून १८७० मध्ये बँकॉकहून परतताना काविलोरोट वाटेतच वारले आणि संकट ओसरले. विशेष असे की याच राजाच्या मुलींशी पुढे मिशनच्या घरोब्याचे संबंध राहिले. थोरली थिपकेसोन राणी झाली. धाकटी उबोनवन्ना मोठी कर्तबगार, व्यापारात निष्णात; अडचणीच्या वेळी तिने मिशनला साह्य केले. बापाचे वैर लेकींनी चालवले नाही. ८ ऑक्टोबर १८७८ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्याला एका ख्रिस्ती जोडप्याच्या लग्नात कुलदेवतेच्या मानाचे पैसे मागून केलेली अडवणूक कारण झाली.

आता सोफियाबाईंच्या मुख्य कामाकडे वळू. सयामात मुलगे मठात जाऊन अक्षरओळख करून घेत. मुलींना मठ नाही, म्हणून अक्षरेही नाहीत. सोफियाबाईंनी १८७० नंतरच्या दशकात आपल्या घरीच काही मुली जमवून त्यांना लिहिणे, वाचणे, शिवणे शिकवण्यास आरंभ केला. शाळेचा फलक नाही, बाके नाहीत. एका हाताने घरकाम आणि दुसऱ्या हाताने शाळा असा तो प्रकार. १८७९ साली एडना कोल आणि मेरी कँपबेल या दोन अविवाहित शिक्षिका येऊन मिळाल्या आणि शाळेला रीतसर रूप आले. त्यांतली मेरी दोनच वर्षांनी नदीत बुडून गेली. तरी शाळा बंद पडली नाही. थिपकेसोन राणीची कन्या दारारश्मी पुढे सयामच्या राजघराण्यात गेली. तिच्या नावावरून ही शाळा दारा विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली आणि आजही ती चालू आहे. याच सुमारास मत्तयकृत शुभवर्तमानाचे उत्तरेच्या बोलीत भाषांतर करण्याचे कामही सोफियाबाईंनी केले.

त्या घराचा आसरा आणखी एका प्रकारच्या स्त्रियांना मिळाला. एखाद्या कुटुंबाला भूत लागले आहे आणि ते गावाला बाधते, असा बोभाटा झाला की त्या कुटुंबाला घरदार जाळून गावातून हाकलीत. आपल्याकडे चेटकीण ठरवलेल्या बाईची जी गत होई, तीच ही. अशी कैक कुटुंबे मिशनच्या आवारात येऊन राहिली.

या साऱ्याची किंमत त्यांनी आई म्हणून मोजली. मुले मोठी झाली की शिक्षणासाठी अमेरिकेत ठेवावी लागत. पत्राला महिने, भेटीला वर्षे. यजमान हत्तीवरून महिनेच्या महिने डोंगरमुलखात फिरतीवर. घरात राहिली ती आई आणि दुसऱ्यांच्या मुली. तरी वियोगाने लेकरे तुटली नाहीत. एव्हँडर पुढे अमेरिकेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, नॉरवुड चित्रकार झाले. कन्या कॉर्नेलिया चियांगमाईला परतून शिक्षणाच्याच कामात पडली. प्रिन्स रॉयल्स कॉलेजचे विल्यम हॅरिस हे तिचे यजमान. सोफियाबाईंचे बंधू कॉर्नेलियस ब्रॅडली सयामी भाषेचे नामांकित पंडित झाले.

डिसेंबर १९१० मध्ये त्या संसाराला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये डॅनियल मॅकगिल्व्हरी चियांगमाईतच वारले. त्यांचे आत्मचरित्र १९१२ साली प्रसिद्ध झाले. ते कॉर्नेलियस यांनीच संपादित केले. सोफियाबाई नंतरही तेथेच राहिल्या. १९२१-२२ साली आगगाडी चियांगमाईला पोचली आणि ज्या वाटेला त्यांना तीन महिने लागले होते, तिला सुमारे एक दिवस पुरू लागला. १९२३ साली त्या निवर्तल्या. तिकडचे लोक त्यांना थोर गुरुमाता अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत.

मिशनऱ्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी आपली श्रद्धा बसवावी काय, याविषयी भगिनींची मते निरनिराळी असतील, आणि असावीत. नोई सुन्या व न्हान चाई यांच्या विधवांना त्या हेतूची किती किंमत पडली, हेही विसरता येत नाही. पण भिंत नसलेल्या घरात संसार मांडून, भयाने रिकामे झालेल्या ओसरीवर टिकून राहून, ज्या मुलींना कोणी अक्षर दाखवीत नव्हते त्यांच्यापुढे पाटी ठेवणारी ही बाई कोणत्याही धर्माच्या स्त्रीने आदराने आठवावी अशीच आहे. मोठ्या संस्था मोठ्या इमारतीतच सुरू होतात असे नाही. घरच्या ओसरीवर चार मुली जमवल्या तरी आरंभ होतो. आपल्या मंडळांचाही आरंभ बहुधा अशाच एखाद्या ओसरीवर झालेला असतो, हे आजच्या शुभदिनी ध्यानात ठेवावे.