शेपूट आवरणारा ग्लेन कर्टिस

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या ट्रॅक्टरवर बसलो होतो. मागे दोन चाकांची ट्रॉली, त्यात खताची पोती. उतारावर ट्रॉली एकदम डावी-उजवीकडे झुलायला लागली आणि ट्रॅक्टरलाच ओढू लागली. माझी तर बोबडीच वळली! मामानं मात्र ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरून हळूहळू रेस कमी केली. शेपूट शांत झालं. चूक माझीच होती, सगळी पोती मी मागच्या टोकाला रचली होती.

होस्टेलवर आल्यावर याचं कारण शोधत बसलो आणि सापडला ग्लेन कर्टिस. हो, तोच विमानवाला!

जन्म 1878, न्यूयॉर्क राज्यातलं हॅमंड्सपोर्ट. शिक्षण जेमतेम आठवी. आधी सायकलचं दुकान, मग मोटारसायकली. पहिल्या इंजिनाला कार्ब्युरेटर म्हणून त्यानं चक्क टोमॅटोचा डबा लावला होता. 1907 मध्ये फ्लोरिडात स्वतःच्या व्ही-8 इंजिनाच्या मोटारसायकलवर त्यानं ताशी सुमारे 219 कि.मी. वेग गाठला. परतीच्या फेरीत शाफ्ट निखळला, तरी पठ्ठ्या वाचला. 1908 मध्ये 'जून बग' विमान उडवलं, 1911 मध्ये पाण्यावरून उडणारं विमान यशस्वी केलं. राईट बंधूंशी पेटंटवरून वर्षानुवर्षं कोर्टबाजीही झाली.

एवढं सगळं करून हा माणूस शेवटी वळला कुठे, तर गाडीमागे ओढायच्या घराकडे! 1928 च्या सुमारास त्याचा 'एरोकार' ट्रेलर बाजारात आला. सांगाडा विमानासारखा हलका. पण खरी गंमत जोडणीत. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरजवळ, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या बऱ्याच मागे जोडतात. ट्रेलर बाजूला गेला की मधलं अंतर तरफेसारखं काम करतं आणि गाडीचं तोंड फिरतं. वेग वाढला की झोल आपोआप विरत नाही, वाढतच जातो. कर्टिसनं जोडणी गाडीच्या आत, मागच्या ॲक्सलच्या जवळ नेली आणि तिथे विमानाचं हवा भरलेलं टायर आडवं बसवलं. तरफच संपली, वर धक्केही टायरनं खाल्ले! आजचे मोठे फिफ्थ व्हील ट्रेलर याच तत्त्वावर चालतात.

1930 मध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर, अवघ्या 52 व्या वर्षी तो गेला.

साध्या ट्रेलरला उपाय साधेच आहेत. जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवायचं, एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर येऊ द्यायचा आणि वेग आवरता ठेवायचा. तरी झोल आलाच, तर स्टिअरिंगशी झटापट न करता ॲक्सलरेटर सोडायचा. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर फक्त तोच हळू लावायचा.

आठवी शिकलेल्या कर्टिसला जे कळलं होतं, ते मला थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर पास होऊनही पोती रचताना आठवलं नाही. पुढच्या सुट्टीत पोती मीच रचणार आहे. अर्थात, मामानं हात लावू दिला तर!