पडद्यावर उरलेले नृत्य

चित्रकार गेला तरी चित्र मागे राहते. नर्तक थांबला की नृत्य तिथेच संपते. उदय शंकर आधी चित्रकार होते, म्हणूनच कदाचित ही खंत त्यांना अधिक जाणवली असावी.

१९०० साली उदयपूरला जन्मलेल्या या मुलाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे धडे घेतले. तिथे अ‍ॅना पावलोवा या रशियन नर्तिकेची गाठ पडली आणि हातातला ब्रश सुटला. १९२३ साली तिच्यासाठी त्यांनी राधा-कृष्णाचे नृत्य बसवले. कृष्ण ते स्वतःच झाले. पुढे स्वतःची मंडळी घेऊन त्यांनी युरोप-अमेरिका गाजवली. त्या मंडळींत आपले विष्णुदास शिराळीही होते.

कीर्ती मिळाली, पैसा मिळाला; पण शंकरांना हवी होती शाळा. हिमालयाच्या कुशीत, अल्मोड्याला त्यांनी संस्कृती केंद्र काढले. कथकळीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिळ्ळै, संगीताला अल्लाउद्दीन खाँ, असे गुरू तिथे एकत्र आले. कोवळ्या वयाचा गुरुदत्तही तिथलाच विद्यार्थी. तिथे पांढऱ्या पडद्यामागे छायांतून रामलीला रंगे. पण महायुद्धाच्या काळात पैशाचे पाणी आटले आणि केंद्र काही वर्षांतच बंद पडले.

मोडलेले स्वप्न घेऊन शंकर मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत आले. 'कल्पना' हा चित्रपट त्यांनी तिथे घडवला. संगीत शिराळींचे, नायिका पत्नी अमला. प्रेक्षागृहातल्या खुर्चीवर कॅमेरा बसवून रंगमंचावरचे नृत्य टिपणे सोपे होते. शंकरांनी ते केले नाही. नाट्यगृहात प्रेक्षकाला सारा रंगमंच दिसतो. कुठे पाहायचे ते त्याचे तो ठरवतो. पडद्यावर ते कॅमेरा ठरवतो. हात जवळून दाखवला तर पावले दिसत नाहीत. ही अडचणच त्यांनी हत्यार केली. नृत्ये तुकड्यांत फोडली, प्रतिमेवर प्रतिमा चढवली, सावल्या नाचवल्या. रंगमंचावर अशक्य ते पडद्यावर घडले.

कथाही त्यांचीच म्हणावी अशी. एक लेखक चित्रपट निर्मात्याला आपल्या स्वप्नातल्या कलाकेंद्राची गोष्ट ऐकवतो आणि गल्ल्याकडे डोळे लावून बसलेला निर्माता ती नाकारतो. १९४८ साली 'कल्पना' प्रदर्शित झाला, आणि गल्ल्याने खरोखरच तो नाकारला. त्याच वर्षी, त्याच जेमिनीच्या 'चंद्रलेखा'तल्या नगाऱ्यांवरच्या नाचाने मात्र देश वेडावला!

शंकरांनी दुसरा चित्रपट काढला नाही, पण पडद्याची ओढही सुटली नाही. १९७० साली 'शंकरस्कोप'मध्ये पडद्यावरचे पात्र जिवंत होऊन रंगमंचावर उतरे आणि पुन्हा पडद्यात शिरे. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यात ते गेले.

२०१२ साली नव्याने उजळलेली 'कल्पना'ची प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या अमलाबाई समोर बसल्या होत्या. अल्मोड्याचे केंद्र उरले नाही, टाळ्यांचे नाद विरले. ज्या चित्रपटाने त्यांना बुडवले, त्यानेच शेवटी त्यांचे नृत्य तारले.