इमाम गज्जाली (रह.) आणि अर्थ बदललेले पाच शब्द

हिजरी ४५० (इ.स. १०५८) मध्ये खुरासानातील तूस येथे अबू हामिद मुहम्मद अल-गज्जाली यांचा जन्म झाला. चरित्रकार सांगतात की त्यांचे वडील लोकर कातून उदरनिर्वाह करीत आणि फुरसतीचा वेळ आलिमांच्या सहवासात घालवीत. स्वतःला शिकता आले नाही, ही खंत त्यांच्या मनात होती. अंतकाळ जवळ आला तेव्हा मुहम्मद आणि अहमद ही दोन्ही मुले व जवळची थोडीशी पुंजी त्यांनी एका सूफी मित्राच्या स्वाधीन केली. पुंजी लवकरच संपली. मित्र स्वतः निर्धन होता. त्याने मुलांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय असे. पुढे इमामसाहेब हे मुळीच लपवीत नसत. आपण इल्मच्या मागे निघालो ते अल्लाहसाठी नव्हे, पण इल्मच अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाचे व्हायला तयार झाले नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या नावे नोंदले गेले आहेत.

कुमारवयात ते शिक्षणासाठी जुर्जानला गेले. तेथून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला आणि उस्तादांच्या पाठांची त्यांनी लिहून घेतलेली टिपणेही नेली. गज्जाली त्यांच्या मागे धावले. त्या कागदांचा तुम्हाला काही उपयोग नाही, माझे सारे इल्म मात्र त्यांत आहे, अशी विनवणी त्यांनी केली. टोळीचा म्होरक्या हसला. जे इल्म चोराला नेता येते, ते तुझे कसे, एवढेच विचारून त्याने कागद परत केले. तूसला पोहोचल्यावर तीन वर्षे खपून गज्जालींनी ती सर्व टिपणे मुखोद्गत केली. कथा प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर थांबून तात्पर्य काढण्याची प्रथाही जुनी आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. कागदावरचे इल्म स्मरणात आले, ही पहिली पायरी झाली. स्मरणातले अंतःकरणात उतरायला त्यांना अजून वीस वर्षे लागायची होती.

निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखे उस्ताद त्यांना लाभले. इ.स. १०८५ मध्ये उस्तादांचे निधन झाल्यावर ते सल्जुकी वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारी आले. तेथील वादसभांत त्यांच्यापुढे कोणी टिकेना. इ.स. १०९१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापकपद त्यांच्याकडे आले. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. त्या काळी एखाद्या आलिमाला याहून मोठा मान मिळणे कठीण होते.

आणि याच मानाच्या शिखरावर त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की आपण हे सारे कोणासाठी शिकवतो? नियत तपासून पाहिली तेव्हा तिच्यात कीर्ती आणि पद यांचीच ओढ आढळली. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून (जुलै १०९५) जवळजवळ सहा महिने ते या द्वंद्वात होते. सकाळी निघून जाण्याचा निश्चय होई आणि संध्याकाळी तो मोडे. शेवटी जिभेने साथ सोडली. विद्यार्थ्यांपुढे बसावे आणि शब्द फुटू नये! घास गिळेना, पाणी उतरेना. दुखणे अंतःकरणात शिरले आहे, तेथून ते हटल्याशिवाय औषधाचा उपाय चालणार नाही, असे म्हणून हकिमांनी हात टेकले. ही सारी हकीगत इमामसाहेबांनी स्वतः ‘अल-मुनकिज’ या आत्मनिवेदनात लिहून ठेवली आहे.

अखेर कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून त्यांनी बाकीची संपत्ती वाटून टाकली आणि हजच्या नावाने बगदाद सोडले. दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या मिनारात चढून ते आतून दार लावून घेत आणि दिवसभर एकांतात राहत. तेथून ते बैतुल मुकद्दसला आणि पुढे हेब्रॉनला गेले. हेब्रॉनला हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या: कोणत्याही सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, त्याच्याकडून धन घेणार नाही आणि कोणाशी वादविवाद करणार नाही. मग ते हजला गेले. ‘इह्या उलूमिद्दीन’ हा त्यांचा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ याच कालखंडातला.

त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, इल्मच्या विवेचनात, मराठीच्या अभ्यासकालाही थबकायला लावील असा एक भाग आहे. इमामसाहेब तेथे पाच शब्द घेतात: फिकह, इल्म, तौहीद, जिक्र आणि हिकमत. हे प्रशंसेचे शब्द होते, अजूनही आहेत. पण पूर्वजांच्या तोंडी त्यांचा जो अर्थ होता, तो आता राहिलेला नाही. शब्द तोच आणि मान तोच, आतली वस्तू मात्र बदलली, आणि लोक जुन्या मानाला भुलून नवी वस्तू घेत आहेत, अशी त्यांची तक्रार आहे.

‘फिकह’ म्हणजे मुळात आखिरतच्या मार्गाची जाण, नफ्सच्या सूक्ष्म रोगांची ओळख. सूरह तौबाच्या १२२ व्या आयतीत फिकहचा संबंध लोकांना सावध करण्याशी जोडला आहे. गज्जाली विचारतात, घटस्फोटाच्या आणि भाडेपट्ट्याच्या बारीकसारीक मसल्यांनी कोणाच्या अंतःकरणात अल्लाहचे भय उत्पन्न होते? त्यांना हे मसले निरुपयोगी वाटत नव्हते, कारण शाफई फिकहवर त्यांचे स्वतःचे ग्रंथ प्रमाण मानले जातात. केवळ एवढ्यालाच फिकह म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘इल्म’ म्हणजे अल्लाहची आणि त्याच्या निशाण्यांची ओळख. ते नाव आता प्रतिपक्षाला निरुत्तर करणाऱ्याला मिळू लागले. ‘तौहीद’ म्हणजे सर्व काही त्या एकाकडूनच येते हे पाहणे, इतके की माणसांविषयीची तक्रार आणि राग दोन्ही गळून पडावेत. त्याचे वादशास्त्र झाले. ‘जिक्र’ म्हणजे मृत्यूचे आणि स्वतःच्या दोषांचे स्मरण करून देणे. त्याच्या जागी किस्से आणि काव्यगायन आले. आणि ‘हिकमत’, जिला कुरआनने विपुल कल्याण म्हटले, तिचा मालक म्हणून वैद्य, कवी, ज्योतिषी, इतकेच काय, रस्त्याच्या कडेला खेडुतांच्या हातावर सोंगटी फिरवून भविष्य सांगणाराही ‘हकीम’ म्हणवला जाऊ लागला.

आपल्या मराठीत हाच शब्द आणखी घसरला आहे. ‘हिकमती माणूस’ म्हटले की युक्त्याप्रयुक्त्यांनी काम साधणारा डोळ्यांपुढे येतो. ‘सब्र’ चेही तसेच. ‘जरा सबुरीने घ्या’ म्हणजे थोडे थांबा, एवढाच अर्थ उरला. गज्जालींच्या लेखी सब्र म्हणजे वासनेच्या प्रेरणेसमोर धर्मप्रेरणेचे ठाम उभे राहणे. परिस्थितीनुसार त्याचे नाव फिरते, असे ते दाखवतात. पोट आणि कामवासना यांबाबत ते शील ठरते, युद्धात शौर्य आणि क्रोधाच्या वेळी सहनशीलता. कोणाचे गुपित जपणे हेही त्याचेच रूप. थोडक्यात भागवताना त्याला संतोष म्हणतात. ही सर्व एकाच बळाची नावे आहेत. म्हणून रोजा उत्तम पाळणाऱ्याने इतरांची गुपिते चव्हाट्यावर आणली, तर त्याचा सब्र एका नावापाशीच अडला आहे असे समजावे. ‘इह्या’त जिभेच्या आपत्तींवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांनी मोजलेल्या आपत्ती वीस आहेत.

आत्मसंयमाविषयी त्यांची भूमिका टोकाची नाही, हेही सांगायला हवे. वासना आणि क्रोध समूळ नष्ट करा, असे ते सांगत नाहीत. ते नष्ट झाले तर मनुष्य जगणारच नाही. शिकारीला निघालेल्या स्वाराची उपमा त्यांना आवडते. वासना हा घोडा आणि क्रोध हा कुत्रा. दोघेही हवेत, पण शिकवलेले. ‘खुल्क’ म्हणजे शील, तेही त्यांच्या मते एखाद्या सत्कृत्याने सिद्ध होत नाही. ज्या स्थिर वृत्तीतून कृत्य सहज, विचार न करता घडते, तिला ते खुल्क म्हणतात. मन मारून एकदा दान देणाऱ्याला उदार म्हणता येत नाही. मात्र मन मारून वारंवार देत राहिल्यानेच ती वृत्ती अंगी येते, असेही ते लगेच सांगतात.

हिजरी ४९९ (इ.स. ११०६) मध्ये वजीर फखरुल मुल्क यांच्या आग्रहाने ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. हेब्रॉनच्या प्रतिज्ञेचे काय झाले, असा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो रास्त आहे. त्यांचे उत्तर पुन्हा शब्दाच्या अर्थाशीच येऊन थांबते. बाहेरून पाहता आपण पूर्वीच्याच कामाला परतलो आहोत. पण तेव्हा ज्या इल्मकडे बोलावत होतो, त्याने पद मिळते आणि आता ज्याकडे बोलावतो, त्याने पद सोडता येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्या दरबाराच्या छायेतील मदरशात त्यांना हे कितपत साधले, याचा निवाडा आपण करू शकत नाही.

साक्ष मात्र आहे. निशापूरचे अब्दुल गाफिर फारसी यांनी त्यांना पूर्वीही पाहिले होते. तेव्हाचे गज्जाली बुद्धीच्या घमेंडीत इतरांना तुच्छ लेखीत. परतल्यानंतरची नम्रता पाहून फारसींना प्रथम संशय आला, की हा सारा देखावा असावा. त्यांनी वारंवार भेट घेतली, पारख केली आणि शेवटी लिहून ठेवले की आपला अंदाज चुकीचा होता.

थोड्याच काळात इमामसाहेब निशापूर सोडून तूसला आले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारली. हदीसशास्त्रात आपली गती बेताचीच आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. ‘इह्या’तील कित्येक हदीसांच्या सनदी कमकुवत असल्याचे पुढे हदीसतज्ज्ञांनी दाखवून दिले. ज्यांच्यापुढे एकेकाळी तीनशे विद्यार्थी बसत, ते अखेरच्या दिवसांत हदीसच्या जाणकारांच्या संगतीत बसून सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम यांचे अध्ययन करीत होते. हे अध्ययन चालू असतानाच १४ जमादिउल आखिर हिजरी ५०५ (डिसेंबर ११११) रोजी, सोमवारी, त्यांचे निधन झाले. धाकटे बंधू अहमद यांच्या निवेदनानुसार त्या पहाटे त्यांनी वजू करून नमाज अदा केली, आपले कफन मागवले, डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे तोंड करून ते आडवे झाले.