स्कर्टची चेन लागेना म्हणून डॉक्टरकडे गेली, निघाला ओव्हरीचा कॅन्सर

१९५६ चा उन्हाळा. रोझालिंड फ्रँकलिन कामासाठी अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. तिथे तिच्या लक्षात आलं की स्कर्टची चेन लागत नाहीये. पोट फुगलं होतं, दुखतही होतं. वय जेमतेम ३६.

आता पोट फुगलं तर कॅन्सर कोणाच्या डोक्यात येतो? गॅस झाला असेल, पाळी जवळ आली असेल, वजन वाढलं असेल.

लंडनला परतल्यावर डॉक्टरांनी आधी दिवस गेलेत का ते विचारलं. तसं काही नव्हतं. मग मात्र वेळ न घालवता केस अर्जंट म्हणून पुढे पाठवली. ४ सप्टेंबरला ऑपरेशन झालं, पोटात दोन गाठी सापडल्या.

ओव्हरी म्हणजे अंडाशय, ओटीपोटात खोलवर असतं. गाठ वाढली तरी बरेच दिवस बाहेरून हाताला लागत नाही. पुढे पोटात पाणी साठून ते फुगतं. म्हणून आज ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांना सूचनाच आहेत. पोट सारखं फुगतंय, दोन घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, आणि हे महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होतंय, तर सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करायची. पन्नाशीपुढच्या बाईच्या बाबतीत तर नक्कीच. आकडा ३५ किंवा त्याहून जास्त आला की सोनोग्राफी. सुरुवातीला हा आकडा नॉर्मलही येऊ शकतो, त्यामुळे त्रास थांबला नाही तर पुन्हा जायचं. पॅप स्मिअर केली म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते, ओव्हरीसाठी नाही.

रोझालिंडच्या काळात सीए-१२५ ची तपासणी नव्हती.

१९२० साली लंडनच्या श्रीमंत ज्यू घरात जन्मलेली ही मुलगी केंब्रिजला शिकली. पॅरिसमध्ये क्ष-किरणांचं तंत्र शिकून १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. मे १९५२ मध्ये तिच्या हाताखाली काम करणाऱ्या रेमंड गॉसलिंगने डीएनएचा तो प्रसिद्ध 'फोटो ५१' घेतला. तिला न सांगता तो जेम्स वॉटसनला दाखवला गेला, आणि १९५३ मध्ये वॉटसन-क्रिकचं मॉडेल जगासमोर आलं. तिच्या गोष्टी बहुतेक इथेच संपवतात. ती मात्र तोवर बर्कबेक कॉलेजात जाऊन विषाणूंच्या मागे लागली होती.

ऑपरेशननंतरही ती कामावर परतली. १९५७ मध्येही तिच्या टीमचे पेपर येत राहिले. पोलिओच्या विषाणूवर नवं कामही तिने हाती घेतलं.

तिचं घराणं अश्केनाझी ज्यूंचं. या समाजात साधारण ४० पैकी एकाला बीआरसीए जीनमधला बिघाड असतो, आणि त्याने ओव्हरी आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. हे जीन सापडले १९९४-९५ मध्ये. म्हणून आज डॉक्टर आई, आजी, मावशी, आत्या यांच्या आजारांबद्दल विचारतात.

१६ एप्रिल १९५८ ला रोझालिंड गेली. वय ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. तिथे तिने तयार केलेलं तंबाखूच्या विषाणूचं मोठं मॉडेल मांडलेलं होतं.